पेशंट कसा बसलाय, कसा पडलाय ते आधी बघा (कॅज्युअल्टीतून)

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
दम लागलेल्या माणसाला बळजबरीने आडवं करू नका, एवढीच विनंती करायला धागा काढणार होते. लिहायला घेतलं तर एकातून एक निघत गेलं, त्यामुळे आता सविस्तरच लिहिते.

मी मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. पेशंट दारातून आत येतो तेव्हा केसपेपर निघायला वेळ असतो, बीपी-पल्स घ्यायला वेळ असतो, पण तो कसा आलाय हे त्याच क्षणी दिसतं. चालत आला, की दोघांच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत आला, व्हीलचेअरमध्ये एका बाजूला कलंडलाय, की ट्रॉलीवर गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडलाय. आमचे ट्रॉलीवाले मामा दारातूनच हाक मारतात "सिस्टर, हे आधी बघा" आणि मामांनी हाक मारली की मी हातातलं बाजूला ठेवून उठते, कारण त्यांची नजर तयार झालेली आहे.

आता दमाचं. दम्याचा अ‍ॅटॅक असो, सिगारेटने खराब झालेली फुफ्फुसं असोत किंवा हार्ट कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी झालेलं असो, माणूस आपोआप पुढे झुकून बसतो, दोन्ही हात गुडघ्यावर किंवा कॉटच्या कडेवर टेकवतो, हनुवटी वर, खांदे वर, आणि एक वाक्य सलग बोलता येत नाही, दोन शब्द की श्वास, दोन शब्द की श्वास. ही पोझिशन त्याने विचार करून घेतलेली नसते, शरीराने घेतलेली असते. आणि अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं "आडवे पडा जरा, बरं वाटेल" आणि खांदे धरून त्याला मागे लोटतात. झोपवलं की पोट वर सरकतं आणि छातीखालच्या पडद्याला दाबतं, पायांतलं रक्त हार्टकडे जास्त येतं, ते आधीच थकलेलं हार्ट पुढे ढकलू शकत नाही आणि पाणी आणखी फुफ्फुसात साठतं. असा झोपवलेला माणूस काही मिनिटांत निळा पडू शकतो. त्याला बसू द्या, पाय खाली सोडू द्या, पाठीला उशांचा टेकू द्या, आणि तसाच बसवून आणा.

पोटदुखीत दोन अगदी उलटे पेशंट असतात. मुतखड्याचा गडबडा लोळतो, ट्रॉलीवरून उतरतो, फेऱ्या मारतो, भिंतीला डोकं टेकतो, त्याला कुठलीच पोझिशन सुचत नाही. आणि ज्याचं आतडं फुटलंय किंवा अपेंडिक्स फुटून पोटभर इन्फेक्शन पसरलंय तो हलतच नाही. गुडघे दुमडून पडलेला, श्वास वरच्यावर, ट्रॉलीला कुणाचा धक्का लागला तरी चेहरा वाकडा होतो. आता गर्दीत कुणाकडे आधी धावतात? ओरडणाऱ्याकडे. त्याची कळ खरी असते, त्याला इंजेक्शन मिळायलाच हवं, पण कोपऱ्यातला तो गप्प पडलेला माणूस जास्त सिरियस असू शकतो आणि त्याचे नातेवाईक पण बिचारे शांत बसलेले असतात कारण त्यांना वाटतं दुखणं कमी झालं.

तिसरं, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोझिशन बदलली कधी? चार तास पुढे झुकून श्वास ओढणारा माणूस अचानक मागे टेकला, डोळे मिटले, धाप कमी वाटली, घरचे म्हणतात "आत्ता जरा डोळा लागलाय". दम गेलेला नसतो, ताकद गेलेली असते. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाजही येत नाही इतकी हवा कमी जात असते. हा आमच्याकडे सगळ्यात आधी आत घ्यायचा पेशंट आहे.

तुम्ही काय काय बघितलंय ते लिहा. डॉक्टर, फिजिओ कुणी असतील तर माझं चुकत असेल तिथे जरूर सांगा.

गिरगाव_चाळ
ताई फार चांगला विषय काढलात. आमच्या शेजारी एक मुलगा होता, लहानपणी खेळता खेळता मध्येच उकिडवा बसायचा, ओठ निळसर, दोन मिनिटं बसला की परत उठून खेळायला. आम्ही पोरं त्याला आळशी म्हणायचो, मोठी माणसंही म्हणायची. नंतर कळलं की हार्टमध्ये जन्मापासून भोक होतं. उकिडवं बसल्याने नक्की काय होतं हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

भूलतज्ज्ञ_दादर
@गिरगाव_चाळ, तुम्ही सांगताय ते बहुतेक टेट्रालॉजी ऑफ फॅलो. त्यात नुसतं भोक नसतं, फुफ्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद असते, त्यामुळे ऑक्सिजन नसलेलं रक्त भोकातून थेट शरीरात जातं आणि मूल निळं पडतं. उकिडवं बसलं की मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो, मग रक्त त्या बाजूला न जाता जास्त प्रमाणात फुफ्फुसाकडे वळतं. चार वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. तान्ह्या बाळाला असा निळेपणाचा झटका आला तर डॉक्टर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरतात, ते ह्याच कारणाने. आता ऑपरेशन लवकर होतात त्यामुळे उकिडवी बसणारी मुलं फार दिसत नाहीत, ही चांगली गोष्ट.

सिस्टर, तुमची पोस्ट मी आमच्या ज्युनियर्सना वाचायला दिली. दोन भर घालतो. एक, छातीत दुखणं. हार्ट अ‍ॅटॅकचं दुखणं पुढे वाकल्याने किंवा कुशी बदलल्याने फारसं कमीजास्त होत नाही. हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर झोपल्यावर वाढतं आणि पुढे झुकून बसलं की कमी होतं. स्वादुपिंडाला सूज असेल तर माणूस उशी पोटाशी धरून ओणवा बसतो, पाठ टेकवली की कळ वाढते. पण हे घरी बसून ठरवायचं नाही हं, छातीत दुखलं की इसीजी, पोझिशन काहीही असो.

दोन, सगळ्यांनाच बसवायचं नसतं. ज्याला घेरी आलीय, बीपी पडलंय, अंग गार आणि घामेजलेलं आहे, तो जमिनीवर आडवा व्हायला बघतो आणि त्याला आडवंच राहू द्यावं. लोक काय करतात, त्याला उचलून खुर्चीत बसवतात, तोंडाशी पाणी लावतात. मेंदूला रक्त कमी पडलंय म्हणून तर तो खाली पडला, त्याला परत उभं का करताय? आणि औषधाची किंवा खाण्याची जोरदार अ‍ॅलर्जी येऊन बीपी पडलेल्या माणसाला तर अचानक बसतं किंवा उभं केल्याने जीव गेल्याच्या नोंदी आहेत. त्याला झोपवून पाय वर. दमही लागत असेल तर बसू द्या पण पाय लांब ठेवून, आणि चालवत टॅक्सीपर्यंत अजिबात न्यायचं नाही.

आकडेमोड
विषय इंटरेस्टिंग आहे पण मला थोडी काळजी वाटते. हे सगळं "बघून कळतं" प्रकारातलं आहे आणि बघून कळण्यात लोक फार फसतात. एक खरं उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना पोटात दुखणं वाढतं का यावरून अपेंडिक्स ओळखता येतं का. स्पीडब्रेकरवरून आलेल्या ६४ जणांपैकी ३४ जणांना अपेंडिक्सच निघालं आणि त्यातल्या ३३ जणांना धक्क्याने दुखलं होतं. म्हणजे ९७ टक्के पकडले. भारी वाटतं ना? पण ज्यांना अपेंडिक्स नव्हतं त्यांच्यातले फक्त ३० टक्केच "नाही दुखलं" म्हणाले, बाकीच्यांनाही दुखलंच. म्हणजे धक्क्याने दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते, पण दुखलं म्हणून अपेंडिक्स आहे असं काही ठरत नाही. पोझिशनचंही असंच असणार. एखादी खूण असणं आणि नसणं या दोन गोष्टींचं वजन सारखं नसतं.

घाटकोपरकर
@आकडेमोड साहेब, इंग्लंडच्या स्पीडब्रेकरवर अभ्यास केला तर आमच्या घाटकोपरच्या खड्ड्यांवर पण व्हायला पाहिजे 🙏 सिरियसली बोलतोय. मी रिक्षा चालवतो. पोटात दुखणारं पॅसेंजर बसलं की मी आरशात बघतो. खड्ड्यात चाक गेलं की पोट धरून पाय वर घेतो ना, त्याला घेऊन मी सरळ राजावाडी हॉस्पिटलच्या गेटवर जातो, तो बोलला की आधी आमच्या फॅमिली डॉक्टरकडे थांबवा तरी समजावतो की दादा वेळ घालवू नका. मी काय डॉक्टर नाही पण त्याचं अंग कडक झालेलं कळतं.
दम लागलेल्याला पण मागे लोळवून घेत नाही, पुढच्या दांडीला धरून बसू देतो. हे मला आधी कोणी सांगितलेलं नाही, तो माणूसच दांडी सोडत नाही.

भूलतज्ज्ञ_दादर
घाटकोपरकर दादा, तुम्ही जे करता ते अगदी बरोबर आहे.

आकडेमोड, मुद्दा मान्य, पण "बघून कळणं" हे नुसतं अंदाजपंचे नाहीये, त्याला मार्क देऊन मोजण्याच्या पद्धती आहेत. दक्षिण आफ्रिकेची ट्रायाज स्केल घ्या, म्हणजे कुठल्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवायची पद्धत, तिथे पेशंट स्वतः चालत आला तर ०, आधार घेऊन आला तर १, स्ट्रेचरवर आला तर २, आणि हे मार्क श्वासाचा वेग, नाडी, बीपी, ताप, शुद्ध, मार लागलाय का, यांच्या मार्कांत मिळवतात. एकूण ७ किंवा जास्त झाले की लाल, म्हणजे लगेच बघायचा. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये बनवलेली स्टार्ट पद्धत, मोठ्या अपघातात सगळ्यात आधी ओरडून सांगतात की ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या बाजूला जा. ते तात्पुरते हिरवे, म्हणजे थोडं थांबू शकणारे. मग उरलेल्यांकडे जायचं, श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल.
आणि बेशुद्ध माणसाची ग्लासगो स्केल, टीसडेल आणि जेनेट यांची, १९७४ ची, आज जगभर रोज वापरतात. त्यात दुखवल्यावर हात कसे होतात याला मार्क आहेत. हात कोपरात वाकून छातीकडे येणं ३, हात ताठ होऊन आत वळणं २, काहीच नाही तर १. म्हणजे शरीराची ठेवण बघून मेंदूची इजा किती खोल आहे ते मोजायला लागून पन्नास वर्षं झाली. फक्त कुठेही ती एकटी वापरत नाहीत, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
आकडेमोड, तुम्ही ही काळजी मांडलीत ते बरं झालं, कारण उलटी बाजू मला लिहायचीच होती.

चालत आला म्हणजे बरा, हे मुंबईत तर अजिबात धरायचं नाही. इथला माणूस छातीत दुखत असताना चाळीचे तीन मजले उतरतो, स्टेशनपर्यंत चालतो, लोकल पकडतो, आणि आमच्या दारात येऊन म्हणतो "सिस्टर जरा अ‍ॅसिडिटी झालीय". डायबेटिसवाल्यांना, म्हाताऱ्यांना, बायकांना कितीदा छातीत नीट दुखतही नाही, नुसता थकवा, घाम, मळमळ. छातीवर मूठ आवळून धरणारा पेशंट सगळ्यांनी सिनेमात बघितलेला असतो, तसा धरला तर आम्ही सावध होतोच, पण धरला नाही म्हणून सोडत नाही. बायका तर ओढणी नीट करत, पर्स मांडीवर घेऊन सरळ बसलेल्या असतात, त्यांना चारचौघांत अंग टाकायचं नसतं. घरी सगळं आवरून, भात गॅसवरून उतरवून आलेल्या असतात.

कोविडमध्ये तर आम्ही सगळ्यांनीच बघितलं, माणूस फोनवर बोलतोय, हसतोय, आरामात बसलाय आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर सत्तरच्या घरात. तिथे पोझिशनने काहीच सांगितलं नाही, मशीनने सांगितलं.

आणि शनिवारी रात्री फुटपाथवरून उचलून आणलेला, तोंडाला वास येणारा, कुशीवर वेडावाकडा पडलेला माणूस. "पिऊन पडलाय, झोपू दे." त्याची शुगर ३५ असू शकते, डोक्यात रक्तस्राव असू शकतो, दोन्ही असू शकतं. दारू प्यायलेल्याला मार लागत नाही असं थोडंच आहे. अशाची शुगर, बुबुळं, डोक्याला हात लावून सूज, हे आधी बघायचं आणि मगच काय ते ठरवायचं. याबाबतीत मी फार कडक आहे आणि कुणी "बेवडा आहे" म्हणालं की मला मनापासून राग येतो.

म्हणजे माझं म्हणणं असं, की पोझिशन वाईट दिसली तर घाई करायला पुरेसं कारण आहे, पण चांगली दिसली तर निवांत व्हायला ते कारण पुरत नाही.

मुलुंडची_आई
लहान मुलांबद्दल लिहा ना कुणीतरी. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, पावसाळ्यात सारखी छाती भरते, रात्री बघत बसते पण नक्की काय बघायचं तेच कळत नाही. सासूबाई म्हणतात बाळाने मान टाकली की पळायचं. ते बरोबर आहे का?

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
@मुलुंडची_आई, सासूबाई बरोबर सांगतात. मान टाकली म्हणजे अंगातला जोर गेला, आणि मुलांचे डॉक्टर दारातून बघतात ते पहिलं हेच. मूल कडेवर ताठ आहे का, तुमच्याकडे बघतंय का, रडताना शांत करता येतंय का, का नुसतं लोंबतंय. मग श्वास, मग रंग. हात लावायच्या आधी या तीन गोष्टी. आईच्या कडेवरून मला बघून जोरात रडणारं मूल बघितलं की माझा जीव थोडा भांड्यात पडतो, जे मूल अनोळखी माणसाने सुई हातात घेतली तरी बघत नाही त्याची जास्त भीती.

रात्री घरी बघायचं असेल तर अंगातला शर्ट काढा, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा, मूल शांत असताना. १ ते ५ वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, त्याहून लहान बाळाला ६० किंवा जास्त. बरगड्यांच्या खाली आत खड्डा पडतोय का, प्रत्येक श्वासाला डोकं हलतंय का, कण्हतंय का. आणि काही पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, झटका आला, किंवा खूप सुस्त आहे, यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

अजून एक. मूल मान पुढे काढून, हनुवटी वर करून, तोंड उघडं ठेवून बसलंय, लाळ गिळता येत नाही म्हणून ओघळतेय, आवाज बसलाय, ताप आहे. अशा मुलाला झोपवायचं नाही, घशात बोट किंवा चमचा घालून बघायचं नाही, रडवायचं नाही. मांडीवर तसंच बसवून हॉस्पिटल. घशातलं श्वासनळीवरचं झाकण सुजलेलं असतं, श्वासाची वाट बारीक राहिलेली असते, आणि त्याने स्वतः शोधलेल्या पोझिशनमुळेच ती उघडी असते. हिब या जंतूवरची लस बाळांच्या पेंटाव्हॅलंट लसीत आल्यापासून हा आजार बराच कमी झालाय, तुमच्या बाळाची लस झालीय ना तेवढं कार्ड बघून घ्या.

मुलुंडची_आई
झालीय ताई, आत्ताच कार्ड बघितलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय सगळ्याचा, नवऱ्याला पण पाठवला.

श्वास_फिजिओ
हात टेकवून बसल्याने श्वास सोपा का होतो ते सांगते. आपल्या छातीवरचे आणि मानेचे मोठे स्नायू एरवी हात आणि मान हलवायला वापरतो. हात टेकवून खांदे स्थिर केले की तेच स्नायू उलटे काम करतात आणि बरगड्या वर ओढायला मदत करतात. पुढे वाकल्याने पोटातले अवयवही पुढे सरकतात, पडद्याला जागा मिळते. मान आणि गळ्याजवळचे स्नायू दोरीसारखे ताणलेले दिसले की समजायचं नेहमीचे स्नायू पुरेनासे झालेत. पेशंटला घरी शिकवायचं असेल तर टेबलावर दोन उशा ठेवून त्यावर हात आणि डोकं टेकवून बसवा, ताकद वाचते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं तर पालथं झोपायला सांगितलं होतं ते आठवत असेल. तिथे कारण वेगळं, पालथं झाल्यावर फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो. पण त्या काळात ते इतकं पसरलं की अजूनही काही जण दम लागलेल्या हार्टच्या पेशंटला पालथं करायला बघतात. तसं करू नका.

लोअरपरळ_नाईटशिफ्ट
धागा वाचून विचारतोय. बाबा ६८, बीपीच्या गोळ्या चालू, मागच्या आठवड्यापासून झोपताना एक उशी पुरत नाही, दोन झाल्या, परवापासून तीन, आणि काल मध्यरात्री उठून खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, म्हणाले आत घुसमटतं. पाय पण सुजलेत थोडे. दिवसा ठीक असतात, चालतात, पेपर वाचतात. सोमवारी ओपीडीला नेऊ का?

भूलतज्ज्ञ_दादर
सोमवारपर्यंत थांबू नका. उशा वाढत जाणं, मध्यरात्री घुसमटून उठून बसणं आणि पायाला सूज, हे तिन्ही एकत्र म्हणजे हार्टचा पंप कमी पडतोय अशी दाट शंका. आजच इमर्जन्सीला न्या, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. बसूनच न्या. बोलताना धाप लागली, गुलाबी फेस आला, ओठ निळे झाले तर स्वतःची गाडी काढत बसू नका, १०८.
आणि डॉक्टरला "दम लागतो" एवढंच सांगू नका, उशांचं जसंच्या तसं सांगा, एकाच्या तीन किती दिवसांत झाल्या ते. ती माहिती फार मोलाची आहे.

सायरनवाला
मी अँब्युलन्सवर आहे. चाळीत, जुन्या बिल्डिंगीत जिना इतका अरुंद असतो की स्ट्रेचर वळतच नाही, लोक पेशंटला चादरीत घालून झोळी करून उतरवतात. दमाचा पेशंट चादरीत घातला की तो दुमडतो, छाती दबते, खाली येईपर्यंत खराब होतो. त्यापेक्षा हात असलेली मजबूत खुर्ची घ्या, त्याला बसवा, ओढणीने कमरेला बांधा, एक जण मागून पाठ धरेल दोघं पुढून पाय धरतील, असं आम्ही कितीतरी जण उतरवलेत. चालवत तर नेऊच नका, जिना उतरताना पण हार्टला ताण पडतो.

म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडलं, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलंय, तर खुबा मोडलाय असं धरून चाला. उभं करून बघू नका. खांदा निखळलेला माणूस दुसऱ्या हाताने तो हात धरून एका बाजूला झुकून येतो, त्याचा हात सोडवू नका, तसाच धरू द्या.
बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे तर कुशीवर. रेल्वेतून पडलेला किंवा गाडीने उडवलेला असेल तर मान सरळ धरून ठेवा, गाडीखाली येण्याचा धोका नसेल तर हलवू नका. नऊ महिन्यांची गरोदर बाई असेल आणि घेरी येत असेल तर डाव्या कुशीवर.

घाटकोपरकर
रिक्षात कुशीवर कसं झोपवणार भाऊ?

सायरनवाला
रिक्षात नाहीच होत दादा, म्हणून बेशुद्ध माणूस असेल तर १०८ लावा आणि तोपर्यंत फुटपाथवरच कुशीवर ठेवा, आपण त्याच्या डोक्याशी बसायचं. मान पुढे पडू द्यायची नाही. लोक घाईघाईत मागच्या सीटवर बसवून दोघांच्या मध्ये दाबून नेतात, मान छातीवर पडते आणि श्वास बंद होतो. मदत केली म्हणून पोलीस अडकवतील ही भीती पण काढून टाका, २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती झालीय, अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही.

गिरगाव_चाळ
डेंग्यूचं कुणी लिहिलं नाही. यंदा आमच्या आळीत घरटी एक आहे.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
काका बरं आठवण केलीत. डेंग्यूत ताप उतरतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, आणि घरचे खूश होतात. पण धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो, पुढचे २४ ते ४८ तास. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी ढासळतं. तेव्हा बघायचं की पेशंट काल स्वतः उठून बाथरूमला जात होता, आज उठून बसवलं की डोळ्यापुढे अंधारी येते का, पोट दाबून कुशीवर पडून राहतो का, उलट्या थांबत नाहीत का, उगाच तळमळतोय किंवा उलट फार गळून गेलाय का. ताप नाही म्हणून डिस्चार्ज मागू नका. प्लेटलेटचा आकडा सगळे विचारतात, माणूस उठून बसू शकतो का हे कुणी विचारत नाही.

लोअरपरळ_नाईटशिफ्ट
अपडेट. बाबांना काल रात्रीच नेलं. एक्सरेत फुफ्फुसात पाणी दिसलं, अ‍ॅडमिट केलंय, लघवी होण्याचं इंजेक्शन दिल्यावर आज पहाटे दोन उशांवर झोपलेत. इको आज होईल. उशांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच वरच्या डॉक्टरांना बोलावलं. भूलतज्ज्ञ सर, सिस्टर ताई, काय बोलू, खूप आभार.

मुलुंडची_आई
वाचून डोळ्यात पाणी आलं. बाबांना लवकर बरं वाटू दे 🙏

आकडेमोड
छान बातमी. सिस्टर, एक प्रॅक्टिकल विचारतो. १०८ ला फोन लावला किंवा कॅज्युअल्टीच्या दारात पोचलो तर नेमकं काय बोलायचं? तिथे आपण सगळं आठवडाभराचं रामायण सांगत बसतो.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
पहिल्या दमात एवढं सांगा: वय, आत्ता कसा आहे म्हणजे बसलाय की पडलाय, झोपवलं तर चालतं का, सलग वाक्य बोलतो का, हाक मारल्यावर बघतो का, आणि हे कधीपासून, शेवटचा नॉर्मल कधी होता. "वडील ७०, खुर्चीत पुढे झुकून बसलेत, आडवं होता येत नाही, दोन शब्दांवर धाप, संध्याकाळी सातपासून." हे ऐकलं की समोरच्याला कळतं काय पाठवायचं, दारात असाल तर आम्ही केसपेपरसाठी थांबवत नाही. जेवताना एकदम एका बाजूला कलंडले, हात उचलत नाही, तोंड वाकडं झालं, तर शेवटी नीट कधी बघितलं ती वेळ सगळ्यात आधी सांगा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साखर, बीपी, आधीची ऑपरेशनं हे त्यानंतर.
आणि शक्य असेल तर घरी तो कसा बसला होता त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लागला की पेशंट वेगळा दिसतो, आधीचा कसा होता ते आम्हाला दिसत नाही.

गिरगाव_चाळ
ताई, तुमची पहिली पोस्ट प्रिंट काढून चाळीच्या नोटीस बोर्डावर लावतोय, चालेल ना? नाव घालत नाही.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर
काका जरूर लावा, पण माझी पोस्ट एकटी लावू नका. तेवढीच वाचली तर लोक घेरी येऊन पडलेल्यालाही उचलून बसवतील. तिच्याखाली भूलतज्ज्ञ सरांनी घेरीचं आणि अ‍ॅलर्जीचं लिहिलंय तो भाग आणि सायरनवाले दादांचं बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवायचं, हे दोन्ही त्याच कागदावर घ्या, अक्षर मोठं ठेवा, आणि सगळ्यात वर १०८.